वर्षाच्या आतली येळवस

नोकरीत ऐकलेल्या तक्रारी आठवायला बसलो तर बहुतेक एकमेकांत मिसळून जातात. बांध कोरला, पाण्याची मोटार चोरली, दारू पिऊन शिवीगाळ केली. पण डिसेंबरातली एक सकाळ त्यांच्यात मिसळत नाही. ती जशीच्या तशी समोर येऊन उभी राहते, आणि इतक्या वर्षांच्या खाकीनंतरही मी तिच्यापुढं जरा दबूनच असतो.

मी मूळचा इस्लापूरचा. सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या आवाजात वाढलेला माणूस, त्यामुळं मोठ्यानं बोलायची सवय आणि ऐकून घ्यायची कमी. बायको आजही तेच म्हणते. त्या वेळी मी लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही आणि माणसांची तर अजिबात नाही. ती अजून त्याच शिवारात राहतात.

सकाळची हजेरी चालू होती. दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या, म्हणून मी माणसांना बंदोबस्त वाटून देत होतो. तेवढ्यात लातूरच्या एसटीतून उतरून एक मुलगी तडक आत आली. सोळा-सतरा वर्षांची, पाठीवर सॅक, ओठ कोरडे पडलेले. टेबलावर आमचे जमादार होते. जमादार म्हणजे हेड कॉन्स्टेबल. याच भागातला माणूस, पंचक्रोशीतली सोयरीक तोंडपाठ.

"काय काम हाय बाई?" जमादारांनी विचारलं.

"अटक करायची हाय."

"कुणाला?"

"मला."

जमादार हसले. "अगं माय, हितं समदे सोडा म्हणून येतेत. धरा म्हणून आलेली तूच पहिली!"

मुलगी हसली नाही. मी वैतागलोच होतो, पण तिला माझ्या खोलीत बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवली आणि पाणी दिलं. पाणी तिनं हातातच धरून ठेवलं.

"सर, उद्या एक खून व्हायलाय. तुम्ही तो थांबवा. अन् मग मला धरा, कारण ते माझ्यामुळं व्हायलंय."

तिला मी आता ओळखलं. चार महिन्यांपूर्वी मीच तिचा जबाब घेतला होता.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ही मुलगी आणि तिची मैत्रीण एकाच गावच्या, दोघी अकरावीला लातूरला, एकाच क्लासमध्ये, एकाच होस्टेलला. महालक्ष्म्यांच्या सणाला दोघी गावी आल्या होत्या आणि पूजेची पत्री आणायला शेतात गेल्या. तिथं शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीत मैत्रीण पडली आणि गेली. पाऊस झालेला, विहीर भरलेली, पायऱ्यांवर शेवाळ. शेजाऱ्यानंच उडी मारून तिला वर काढलं, पण उशीर झाला होता. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली, घटनास्थळाचा पंचनामा केला, आणि या मुलीचा जबाब लिहून घेतला. तिनं सांगितलं, "ते काका लांबून वरडले, ती दचकली अन् घसरली." मी लिहिलं, तिनं सही केली, कागद वर गेला. माझ्या मते प्रकरण मिटलं होतं.

गावात मात्र ते वाढत गेलं. ओरडला होता, मग काठी घेऊन धावला होता, मग ढकललंच होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला! शेजाऱ्याचं कुणाशी पैशापाण्याचं देणंघेणं नव्हतं, कुणाशी वैर नव्हतं, पण बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? तो स्वतः एक अक्षर बोलत नव्हता. गेलेल्या मुलीचा बाप, त्याला गाव अण्णा म्हणायचं, दिवाळीत बाजारात त्याच्या अंगावर धावून गेला. एकुलती एक लेक गेलेला बाप. लोकांनी सोडवलं. मी दोघांना ठाण्यात आणलं, शांततेचा बाँड लिहून घेतला.

आणि मग मी माझी अक्कल पाजळली.

लातूरकडं वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. सगळा गाव शेतात जातो, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात. सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं आंबील. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. आमच्या इस्लापूरकडं या सणाचं एवढं प्रस्थ नाही, त्यामुळं मला त्याचं भारी कौतुक. मी दोघांना म्हणालो, "अण्णा, येळवशीला याला तुमच्या शेतात जेवायला बोलवा. एका पंगतीला बसा, वैर संपवा." अण्णांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं साहेब." मी घरी जाऊन बायकोला फुशारकीनं सांगितलंसुद्धा.

आता ही मुलगी माझ्यासमोर बसून सांगत होती की उद्या त्याच पंगतीत खून होणार.

"काय पुरावा आहे?" मी आवाज चढवून विचारलं.

तिनं बोटं मोजली नाहीत, पण एकेक गोष्ट नीट लावून सांगितली. मागच्या आठवड्यात अण्णा लातूरला होस्टेलवर आले होते. तिच्यासाठी डबा आणला होता. बाकावर बसून त्यांनी तिला विचारलं, "बाळा, एकदाच सांग. त्यो वरडला म्हणूनच ती घसरली ना?" ती म्हणाली, "हाव." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "बस्स. झालं." जाताना लेकीच्या सायकलची किल्ली तिच्या हातात दिली. "तू ने सायकल. घराला आता कुलूप लागंल." ती समजली, अण्णा आणि काकू कुठं कामाला चालले असतील. पण काल आईचा फोन आला. आई खुशीत होती. अण्णांनी शेजाऱ्याला येळवशीचं बोलावणं धाडलंय म्हणे, काकूंना मात्र माहेरी पोचवून आलेत म्हणे.

"मग? मीच सांगितलं होतं बोलवायला," मी म्हणालो.

मुलगी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "सर, त्यांच्या घरी वर्ष झालं न्हाई. मयताच्या घरी वर्षाच्या आत येळवस करत न्हाईत. अण्णांनी जेवायला बोलावलेलंच न्हाई त्या काकांना."

मी जमादारांना हाक मारली. खरं का हे?

जमादार दाराशीच घुटमळले. "खरं हाय साहेब. दुखवट्याच्या घरी सण न्हाई. भावकी डबा नेऊन देती."

"मग त्या दिवशी मी सांगत होतो तेव्हा तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"तुम्ही लई खुशीत होता साहेब," जमादार म्हणाले.

नोकरीत मला फार जण घाबरून होते, आणि त्याचा मला अभिमान होता. त्याची किंमत अशी मोजावी लागते हे तेव्हा कळलं. गावालाही वाटलं असेल, साहेबाचा शब्द म्हणून अण्णा रीत मोडून करून राहिलेत. मी एका बापाच्या हातात खुनाची जागा, वेळ आणि बोलावणं, तिन्ही आयतं दिलं होतं.

"आणि तुझ्यामुळं कसं?" मी मुलीला विचारलं.

"जबाबात मी खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते वरडले म्हणून ती घसरली न्हाई." मग तिनं सॅक छातीशी ओढून धरली. किती विचारलं तरी पुढचं सांगेना. महिला शिपाई म्हणाली, साहेब, जरा थांबा. मी तिच्या वडिलांना फोन लावायला सांगितला आणि स्वतः जमादारांना घेऊन गाडीत बसलो.

अण्णा शेतातच होते. कोप करत होते. एकटेच. कडब्याच्या पेंढ्या टेकवून, सुंभानं बांधून, अगदी नेटकं काम. मला बघून त्यांनी हात झटकले आणि "चला" म्हणाले. कशाला बोलावलंय हे विचारलंसुद्धा नाही. मला ते तेव्हाच खटकलं. निर्दोष माणूस पोलीस दिसल्यावर आधी विचारतो, कामून? दोषी माणूस त्याहून जास्त विचारतो. काहीच न विचारणारा माणूस क्वचित भेटतो, आणि तो भेटला की सावध व्हावं.

ठाण्यात आणून समोर बसवलं. चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"अण्णा, उद्याचं काय ठरवलंय?"

"तुम्ही सांगितल्यालं. येळवस."

"वर्षाच्या आत?"

"तुमचा शब्द मोडावा का साहेब?"

"बायको कुठं आहे?"

"माहेरी."

"मग आंबील कुणी लावलं? आंबवायला दोन दिवस आधी लावावं लागतं ना?" हे मी गाडीत जमादारांकडून शिकून घेतलं होतं.

"भावकीतनं यील," अण्णा म्हणाले.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर एका ओळीचं. मी दरडावलं, समजावलं, बाँडची आठवण दिली. सणाच्या दिवशी कोठडीत बसवीन म्हणालो. ते म्हणाले, "बसवा. एक दिस बसवाल, दोन दिस बसवाल." तेही खरं होतं. प्रतिबंधक कारवाई म्हणजे उकळत्या भांड्यावर झाकण. झाकण किती दिवस धरून ठेवणार? भांडण करायचं असणारा माणूस लई बोलतो. ज्यानं ठरवून टाकलंय तो बोलत नाही. अण्णांनी तासाभरात एकच प्रश्न स्वतःहून विचारला, "बैलाला पाणी दाखवायचं हाय, कधी जाऊ?"

मी उठून बाहेर आलो आणि ठाणे अंमलदाराला जुनी फाईल काढायला सांगितली. का सांगितलं ते आजही नक्की सांगता येत नाही. बहुधा हातांना काहीतरी काम हवं होतं. पंचनामा माझाच होता. मी सांगितलेला, जमादारांनी लिहिलेला. विहिरीचा व्यास, पाण्याची पातळी, पायऱ्यांची संख्या, शेवाळ. आणि त्याच्याखाली एक ओळ: "विहिरीच्या पूर्वेकडील काठावर लेडीज चप्पल एक जोड, गुलाबी रंगाची, शेजारी शेजारी काढून ठेवलेली मिळून आली."

मी ती ओळ तीनदा वाचली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दचकून घसरणारं माणूस चपला जोडीनं काढून ठेवतं होय? चपला काढून, काठावर नीट मांडून, ती पोर स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरली होती. चार महिने हे माझ्या कपाटात, माझ्या सहीखाली पडून होतं. मी सांगितलं, लिहवून घेतलं, आणि वाचलं नाही.

मुलगी दुसऱ्या खोलीत होती. तिचे वडील मोटारसायकलवरून आले होते, कोपऱ्यात टोपी हातात धरून बसले होते. मी तो कागद तिच्यासमोर ठेवला आणि माझ्या मानानं हळू आवाजात विचारलं, "बाळा, ती उतरली कशाला होती?"

तिनं ओळ वाचली. मग सॅक उघडली, आतून रुमालात गुंडाळलेला मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा आणायला."

क्लासच्या परीक्षा मोबाईलवर असतात म्हणून वडिलांनी नवा घेऊन दिला होता. आठच दिवस झाले होते. विहिरीवर वाकून बघताना तो तिच्या हातातून निसटला आणि चौथ्या पायरीवर जाऊन अडकला. ही रडायला लागली. वडील काय म्हणतील, आई काय म्हणेल. उतरायची हिला भीती. मैत्रीण म्हणाली, "रडू नको, आणते मी." चपला काढल्या, दोन पायऱ्या उतरली, तिसरीवर पाय निसटला. त्यानंतर शेजारच्या काकांचा आवाज ऐकू आला. त्यानंतर. आधी नाही.

"काका तिला वर काढायले होते, तवा मी चौथ्या पायरीवर उतरले अन् मोबाईल उचलून ओढणीत लपवला," ती म्हणाली. हे सांगताना ती रडत नव्हती, आणि तेच ऐकायला जड होतं. "लोक जमले. कशानं पडली, कशानं पडली म्हणून विचारायले. मी म्हणाले, काका वरडले. एवढंच म्हणाले सर. एवढ्यानं एवढं होईल असं वाटलं न्हाई मला."

तिचे वडील कोपऱ्यातून म्हणाले, "पोरी, मोबाईलसाठी मी काय तुला मारलं असतं का गं?" आणि तो एवढा थोरला माणूस टोपीत तोंड घालून रडायला लागला.

मी म्हणालो, "ठीक आहे. पुरवणी जबाब घेऊ. अण्णांना मी समजावून सांगतो."

"नको सर. मी सांगते."

"अगं, वेडी का खुळी तू? तो माणूस माणूस मारायला निघालाय. मोबाईलचं कळल्यावर तुलाच काही केलं तर?"

"तुम्ही सांगितलं तर ते म्हणतील, पोलिसांनी शिकवलं. मी सांगितल्याबिगर खरं वाटणार न्हाई त्यांना. खोटं माझ्याच तोंडून खरं वाटलं होतं न्हाई का?"

मी नोकरीत कसलेले गुन्हेगार पाहिले, नावाजलेले वकील पाहिले. पण असं बिनतोड बोलणं कुणाकडून ऐकलेलं आठवत नाही. तिच्या वडिलांनी मान हलवून होकार दिला. मी महिला शिपायाला आणि जमादारांना दारात उभं केलं, मी स्वतः अण्णांच्या खुर्चीमागं उभा राहिलो, आणि तिला आत घेतलं.

अण्णा तिला बघून अर्धवट उठले. "बाळा, तू हितं कामून?"

तिनं मोबाईल त्यांच्या समोर, चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि उभ्यानं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ओढणीत लपवल्याचंही सांगितलं. होस्टेलच्या बाकावर बसून "हाव" म्हणाल्याचंही सांगितलं. तिचा आवाज कापत नव्हता. मी अण्णांच्या हातांवर डोळे लावून होतो. ते हात मांडीवर पालथे पडलेले होते, आणि हलले नाहीत.

तिचं बोलून झालं. अण्णा म्हणाले, "पोरी, तुला कुणी शिकवून पाठवलंय. साहेबांनी शिकवलं."

मी फाईल पुढं केली, पंचनाम्यासोबतचा फोटो काढला. ओल्या काठावर गुलाबी चपलांचा जोड, टाचेला टाच लावून.

अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग ते बोलले, पण आमच्याशी नाही.

"विहिरीत आसरा असतेत, पाण्यातल्या देवी. चप्पल घालून पाय टाकायचा न्हाई. अनवाणी उतरायचं, उतरताना पाया पडायचं." ते थांबले. "मीच शिकवलं होतं. बारकी होती तवा बोटाला धरून शिकवलं होतं."

शेवाळलेल्या पायरीवर अनवाणी पाय. हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं असावं. देवाधर्माचं शिकवणाऱ्या बापाचा त्यात काही गुन्हा नव्हता.

अण्णांनी फोटो खाली ठेवला आणि मुलीकडं बघितलं. "शेवटी काय म्हणाली?"

"रडू नको, आणते मी, म्हणाली."

अण्णांच्या छातीतून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. मुलगी तिथंच खाली बसली आणि तिनं त्यांच्या पायावर डोकं टेकलं. मी पुढं सरकलो, कारण सवय वाईट. पण अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. होस्टेलवर ठेवला होता तसाच ठेवला असणार, पण "बस्स, झालं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तिला कधी कुणाचं रडणं बघवायचं न्हाई." आणि मग माझ्याकडं वळून, चहा मागावा इतक्या साधेपणानं म्हणाले, "साहेब, गाडी काढा. कोपीच्या कडब्यात कुऱ्हाड हाय."

कुऱ्हाड मिळाली, उजव्या हाताच्या तिसऱ्या पेंढीत, हात घातला की दांडा लागेल अशी. जेवायला वाकलेल्या माणसाच्या बरोब्बर मागं. मी ती जप्त केली. अण्णांवर प्रतिबंधक कारवाई केली, नव्यानं बाँड घेतला. कुणी म्हणेल, सौम्यपणा केला. केला.

संध्याकाळी मुलीचा पुरवणी जबाब वडिलांसमोर लिहून घेतला. सही करताना तिनं विचारलं, "सर, अटक?"

"तुझ्यावर पुढं काय करायचं ते वरचे ठरवतील," मी म्हणालो. "आजच्याला घरी जा अन् जेव." पुढं वरून तिला समज देण्यापलीकडं काही झालं नाही.

ती गेल्यावर मी तो जबाब पुन्हा वाचला. सोळा वर्षांच्या पोरीनं आपली चूक आपल्या सहीनं कागदावर ठेवली होती, आणि माझी चूक कुठंच नव्हती. मी ठाण्याची स्टेशन डायरी ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं की पंचनाम्यातील चपलांच्या नोंदीचा अर्थ त्या वेळी मी लावला नाही, आणि जबाब घेताना त्यावर प्रश्न विचारला नाही. जमादार खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "साहेब, खुलासा मागतेत वरून." मी म्हणालो, "मागू द्या." मागितलाही.

दुसऱ्या दिवशी येळवस. एक काम राहिलं होतं. शेजाऱ्याला काही माहीत नव्हतं, आणि त्याला बोलावणं तर गेलेलं होतं. अण्णा म्हणाले होते, मी सांगतो त्याला. मुलगी म्हणाली होती, मीपण येते. म्हणून दुपारी आम्ही सगळे अण्णांच्या शेतात होतो. मी साध्या कपड्यात, सोबत जमादार, मुलगी, तिचे वडील. कोप अण्णांनी सकाळीच मोडून टाकली होती. चहूकडच्या शेतांतून हसण्याचे, हाका मारण्याचे आवाज येत होते आणि आमच्या शेतात नुसता मोडलेल्या कडब्याचा ढीग.

शेजारी बांधावरून चालत आला. चाळिशीचा, सडपातळ, धुतलेला पांढरा सदरा घातलेला. त्याच्या एका हातात चार पुडांचा डबा होता, दुसऱ्या हातात आंबिलाची किटली.

मला आधी ते नीट दिसलं नाही. दिसलं तेव्हा मी दोन पावलं पुढं झालो.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"डबा, साहेब. मयताच्या घरी वर्षाच्या आत येळवस करत न्हाईत. बाहेरून डबा द्यावा लागतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हाव."

"मग जेवायला बोलावलंय म्हणून आलास, की..."

"कामून बोलावलंय ते कळलं होतं." त्यानं डबा खाली ठेवला. अण्णांकडं बघून तो म्हणाला, "अण्णा, मी वरडलो होतो हे खरं हाय. लांबून दिसलं पोर पायऱ्या उतरायली, म्हणून 'उतरू नको' म्हणून वरडलो. अन् पाण्याचा आवाज आला. माझ्या वरडण्यानंच दचकली का, हे मलाच कळंना. चार महिने कळंना. म्हणलं, अण्णाला वाटतंय तर तसंच आसंल. जाऊन बसावं त्याच्या म्होरं."

गाव जो दोष त्याच्यावर ठेवत होतं, तो हा माणूस स्वतःही मानून बसला होता. म्हणून तो कधी बोलला नव्हता. आणि मीही मनातून त्याचं न बोलणं म्हणजे गुन्ह्याची खूण समजत होतो!

मुलगी पुढं झाली. "काका," ती म्हणाली, "तिचा पाय आधी निसटला होता. मी जवळ होते, मी बघितलं. तुमचा आवाज नंतर आला. कावळा बसायला अन् फांदी मोडायला, तसं झालं. तुमच्यामुळं न्हाई. माझ्या मोबाईलसाठी उतरली होती ती. मी खोटं सांगितलं."

"नंतर?" त्यानं विचारलं.

"हाव. नंतर."

"नक्की नंतर?"

"शप्पथ काका. नंतर."

तो शेताच्या मातीत मटकन खाली बसला. मला वाटलं तो तिला बोलेल, शिव्या देईल, त्याचा तो हक्कच होता. त्यानं फक्त दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. अण्णा त्याच्याजवळ जाऊन बसले. काही वेळानं त्यांनीच डबा उघडला, पहिला घास त्या माणसाच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "खा बाबा. मी तुला मारायला बोलावलं होतं."

"ठाऊक हाय," तो म्हणाला, आणि खाल्लं.

मग त्यांनी आम्हालाही हाक मारली. येळवशीला बांधावरच्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत. मी बूट काढले. पंचनाम्याच्या दिवशी त्या विहिरीच्या काठावर मी बुटांसकट उभा होतो हे तेव्हा आठवलं. त्या दोघांच्या शेजारी जमिनीवर बसलो. मुलगी वाढत होती. भज्जी अळणी होती, आंबील चांगलं आंबट झालं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं नोकरी केली. पोरांना प्रशिक्षणात शिकवायला बोलावतात तेव्हा मी त्यांना चपलांचं सांगतो, म्हणतो, लिहिलेलं वाचत जा. ते वहीत लिहून घेतात. दुसरं एक आहे ते सांगायला जमत नाही. गुन्हा कबूल करून घ्यायला आम्ही किती नाना तऱ्हा केल्या, आणि ती पोर सकाळच्या एसटीनं आपण होऊन आली होती. तिनं खरं सांगितलं तेव्हा मारणारा सुटला, मरायला आलेला सुटला. ती स्वतः सुटली की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही. दरवर्षी येळवशीला ती अण्णांच्या शेतात वाढायला असते, एवढं जमादारांकडून कळतं.